वसंतातल्या फुटबॉलला वेळ द्या
अमेरिकेत फेब्रुवारीत सुपर बोल झाला की एनएफएल या मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीगचं मैदान सप्टेंबरपर्यंत रिकामं राहतं. ही जागा भरू पाहणाऱ्या लीग एकामागून एक बुडाल्या. १९८३ साली उतरलेल्या यूएसएफएलकडे हर्शेल वॉकर आणि स्टीव्ह यंगसारखे खेळाडू होते. पण मालकांनी वसंत सोडून एनएफएलच्याच हंगामात घुसायचं ठरवलं आणि एनएफएलविरुद्ध कोर्टात गेले. १९८६ मध्ये ते खटला जिंकले खरे, पण भरपाई मिळाली १ डॉलर, कायद्यानं तिप्पट होऊन ३. २०१९ च्या एएएफ या लीगचा तर पहिला हंगामही पुरा झाला नाही. तरीही, एक्सएफएल आणि नव्या यूएसएफएलच्या विलीनीकरणातून २०२४ मध्ये मैदानात आलेली यूएफएल टिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण ती एनएफएलशी टक्कर घेत नाही. उलट, मिशिगन पँथर्स या यूएफएल संघाचा किकर जेक बेट्स इथूनच एनएफएलच्या डेट्रॉईट लायन्समध्ये गेला. शिवाय सेंट लुईस आहे. २०१६ मध्ये तिथला एनएफएलचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा शहर दुखावलं. त्याच शहरानं २०२३ मध्ये आपल्या, तेव्हा एक्सएफएलमध्ये असलेल्या, बॅटलहॉक्स संघाच्या एका सामन्याला ३८ हजारांवर प्रेक्षक आणले. लीगनं अशी आणखी गावं शोधावीत, आणि तोवर मालकांनी तोटा सोसावा.