पोलादातील सोनेरी खडे

लोखंडाच्या पेढीवर पूर्वी माल वजनाने व जाडीने ओळखला जाई. आता तो बळाच्या आकड्याने मागितला जातो. ई ३५०, ई ४१०, ई ४५० हे आकडे गिऱ्हाईक स्वतःच सांगते. आणि आकडा मोठा तेवढा माल उत्तम, असा समज आम्हां व्यापाऱ्यांतही रुजू पाहत आहे. हा समज आम्हांस धोक्याचा वाटतो.

या पोलादास बळ येते ते पुष्कळ अंशी चिमूटभर नायोबियम, व्हॅनेडियम वा टिटॅनियम घातल्याने. प्रत्येकाचे प्रमाण बहुधा शेकडा ०.१ हूनही कमी. कार्बन व नायट्रोजन यांच्याशी संयोग पावून या धातूंचे अतिसूक्ष्म कण बनतात व पोलादाची कणरचना बारीक राखतात. त्यायोगे बळ वाढते आणि चिवटपणाही वाढतो.

परंतु टिटॅनियम व नायट्रोजन प्रमाणाबाहेर गेले, म्हणजे त्याच टिटॅनियमचे ठळक, चौकोनी खडे पोलादाच्या रसातच तयार होतात. पुढे लाटण्यापूर्वी भट्टीत कितीही तापवा, ते विरघळत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते सोनेरी दिसतात. सोने मात्र नव्हे! थंडीत वा आघाताने चीर पडते ती पुष्कळदा अशा खड्यापासूनच. गंधक व मँगनीज यांच्या संयुगाची तऱ्हा निराळी. त्याचे कण लाटताना लांबट होतात, आणि जोडकामाच्या ताणाने जाड प्लेट थराथरांत फाटू शकते.

ताणून पाहण्याच्या कसोटीत हे दोष पुष्कळदा उघडे पडत नाहीत. आकडा भरतो, खडा आत राहतो. आघाताची कसोटी हवी. आयएस २०६२ मध्ये 'ए' उपजातीस ती नाही. 'बीआर'ला मागितली तरच. 'बी-शून्य'ला ० अंशावर व 'सी'ला उणे २० अंशांवर ती सक्तीची आहे. 'ई ३५० द्या' एवढ्या शब्दावर क्रेनच्या तुळईसाठी 'ए'चा माल देणे नियमात बसेलही. आम्हांस ते पसंत नाही. काम कोणते, हे विचारूनच माल द्यावा.

काही बंधू म्हणतील, पोलाद आम्ही थोडेच गाळतो? खरे आहे. परंतु प्लेट कापली की हीट नंबर एका तुकड्यावर राहतो व उरलेले तुकडे निनावी होतात. मग कोणताही दाखला कोणत्याही तुकड्यास जोडता येतो. हे कारखान्यात घडत नाही, आमच्या गोदामात घडते. बेळगावसारख्या ओतशाळांच्या व यंत्रकामाच्या गावी तरी प्रत्येक तुकड्यावर नंबर पुन्हा रंगविण्याचा व तो बिलावर लिहिण्याचा नियम आपल्या संघाने या वर्षीच करावा.