कानस हाती घेण्याआधी

इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावात बंदुकीच्या नळ्या घडवण्याचा धंदा निदान १५२६ पासून चालत आला आहे. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा हौशी नेमबाजांना कोल्टचं १८५१ चं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर हवं झालं. अस्सल नग मोजके आणि महाग. मग याच खोऱ्यातल्या कारागिरांनी त्याच्या प्रतिकृती घडवायला घेतल्या. आज काळ्या दारूवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या बहुतेक प्रतिकृती ब्रेशियाच्या परिसरातूनच येतात.

त्या झिजतात, हे खरं. पण झिजलेला भाग काढून नवा बसवला की दुरुस्ती झाली, ही समजूत मात्र चुकीची आहे आणि तिच्यापायी चांगली हत्यारं वाया जातात.

एक नेहमीची तक्रार घेऊ. घोडा सावकाश मागे ओढला की सिलिंडर शेवटच्या केसभर अंतराआधीच थांबतो. घोडा पूर्ण चढतो, पण खालून वर येणारा बोल्ट सिलिंडरच्या खाचेत बसल्याचा ‘टक्’ ऐकू येत नाही. मालक लगेच ठरवतो की सिलिंडरला मागून ढकलणारा ‘हात’ झिजून आखूड झाला. कधी तसं असतंही. पण काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे राहतो आणि त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. ही काजळी मधल्या आसावर घट्ट बसली की नवाकोरा हातसुद्धा सिलिंडर पुरता फिरवू शकत नाही. म्हणून आधी सिलिंडर काढावा, गरम साबणाच्या पाण्याने आस आणि सिलिंडरचं भोक धुवावं, कोरडं करून तेल द्यावं. मग रिकाम्या, टोप्या (घोड्याच्या ठोक्याने फुटून दारू पेटवणाऱ्या) न लावलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पुन्हा सावकाश ओढून पाहावा. एवढ्यानेच ‘टक्’ परत आला, तर नव्या हाताचा खर्च आणि त्यासोबतची सगळी घासाघीस वाचते.

सिलिंडरवरच्या खुणाही वाचता आल्या पाहिजेत. भोवती गोल ओरखडा उमटला असेल, तर बोल्ट खाच येण्याआधीच वर येतोय. खाचांची एकच कड ठेचून बाहेर आली असेल, तर दोष बहुधा हाताळणीचा आहे: सिनेमातल्यासारखा घोडा झटक्यात ओढला की जड सिलिंडर पूर्ण वेगाने बोल्टवर आदळतो. आणि टोप्या न लावता घोडा वारंवार सोडला की निपलची, म्हणजे टोपी ज्यावर बसते त्या नळीची, टोकं चेपून पसरतात. मग टोपी पुरती बसत नाही, पहिल्या ठोक्याला फुटत नाही, आणि खापर मात्र टोपी बनवणाऱ्यावर फुटतं.

बोल्ट आणि चाप या दोघांना दाबून धरणारी चपटी स्प्रिंग मोडते, ती बदलावीच लागते. त्यात वाद नाही.

पण बोल्ट किंवा हात बदलायचा तर तो त्याच रिव्हॉल्व्हरला जुळवूनच बसवावा लागतो, थोडं घासून, लावून, पुन्हा काढून. कारखान्यांनी सुटे भाग विकताना ही जुळवणी कशी करायची याचं नीट पत्रक सोबत दिलं पाहिजे आणि नेमबाजी क्लबांनी नव्या सभासदाला निशाण्याआधी हे शिकवलं पाहिजे. प्रतिकृती म्हणजे खेळणं नव्हे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अस्सल आणि प्रतिकृती असे वेगळे गट असतात, आणि दोन्हीकडे माणसं तितक्याच गांभीर्याने उतरतात.

सॅम्युअल कोल्टची ख्यातीच मुळी यंत्रावर घडवलेल्या, अदलाबदल करता येणाऱ्या भागांची. तरीही त्याच्या हार्टफर्डच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं जुनं ‘नेव्ही’ उघडून पाहा. फ्रेमवर, नळीवर, सिलिंडरवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. नळी जागेवर धरून ठेवणाऱ्या बोटभर पाचरीवरसुद्धा तोच क्रमांक असतो, कारण ती पाचर त्या एकाच रिव्हॉल्व्हरसाठी हाताने घासून बसवलेली होती.