औषध आहे, देखरेख नाही

संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप निकामी होणे हा प्रामुख्याने गरिबांचा रोग आहे. कोंदट खोलीत दाटीवाटीने वाढणाऱ्या मुलाच्या घशाला जंतुसंसर्ग झाला असता वेळेवर पेनिसिलीन मिळाले, तर तो टळू शकतो. ते न मिळालेल्यांपैकी काहींना पुढे कृत्रिम झडप बसवावी लागते. 1990 साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची भारतीय बनावटीची झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली, ही अभिमानाचीच गोष्ट. परंतु यांत्रिक झडपेसोबत रक्त गोठू न देणारी गोळी, वॉरफरिन वा असिनोकुमॅरॉल, जन्मभर घ्यावी लागते.

या गोळीची मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी जमते. जास्त झाली तर रक्तस्राव होतो. अशा रुग्णाला जुलाब झाले की मेट्रोनिडॅझोल दिले जाते, लघवीला जळजळ झाली की को-ट्रायमोक्साझोल. ही औषधे वाईट नव्हेत. परंतु यकृतातील ज्या विकराद्वारे वॉरफरिनचा निचरा होतो, त्यालाच ती अडवतात आणि नेहमीची मात्रा काही दिवसांतच अतिमात्रा ठरते. क्षयावरील रिफॅम्पिसिनचे कार्य नेमके उलटे. ते निचरा वाढवते, म्हणून मात्रा वाढवावी लागते. आणि क्षयाचा उपचार संपल्यावर ती पुन्हा उतरवली नाही, तर तीच घातक ठरते.

यात गूढ काही नाही. वॉरफरिन 1954 पासून माणसांच्या उपचारात आहे आणि या परिणामांची नोंद पाठ्यपुस्तकांत आहे. प्रतिजैविक टाळणे हा उपाय नव्हे, कारण अंगात मुरलेला संसर्गही जीव घेतो. उपाय साधा आहे: शक्य तेथे निरुपद्रवी पर्याय निवडावा; नाही तर तीन ते पाच दिवसांत रक्ताची आयएनआर तपासणी करून मात्रा बदलावी.

मग अडते कोठे? तपासणीसाठी दूरच्या शहरी जावे लागते आणि त्यासाठी दिवसाची मजुरी बुडते. चिठ्ठीविना गोळी विकू नये हा नियम कागदावरच राहतो. वेष्टनावरील व्यापारी नावावरून आत कोणते औषध आहे हे रुग्णाला कळत नाही. ही नावे टप्प्याटप्प्याने हटवावीत, असे हाथी समितीने 1975 सालीच सुचवले होते. आणि इतके सारे घडूनही रक्तस्राव झाला की दोष मात्र रुग्णाच्या अज्ञानाला!

शस्त्रक्रियेला सरकारी योजनेतून पैसा मिळतो, तिचे फलक लागतात, छायाचित्रे निघतात. त्यानंतरच्या चाळीस वर्षांच्या देखरेखीचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तिची तरतूदही होत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी मोफत व्हावी, प्रत्येक रुग्णाजवळ मात्रा व इशारे मराठीत लिहिलेली वही असावी आणि ती पाहिल्याविना कोणी डॉक्टरने वा औषधविक्रेत्याने नवी गोळी देऊ नये, या मागण्या अवाजवी नाहीत. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी त्या धसास लावल्या पाहिजेत. झडप बसवून माणसाला वाऱ्यावर सोडणे याला आरोग्यसेवा म्हणता येणार नाही.