आकडे आले, जाणकार कुठे आहेत?

विद्यापीठीय संशोधनाच्या दुरवस्थेला साधनांचा अभाव हे कारण आता पुरेसे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय आकडेवारी अभ्यासकाला विनामूल्य मिळते. सांख्यिकीसाठी ‘आर’ आणि नकाशांसाठी ‘क्यूजीआयएस’ या संगणकप्रणालींना पैसे पडत नाहीत. नकाशांवरील सरकारी निर्बंधही फेब्रुवारी २०२१ मध्ये बरेच सैल झाले. उणीव आहे ती या सामग्रीपाशी विद्यार्थ्याबरोबर बसणाऱ्या जाणकाराची.

ती किती महाग पडते पाहा. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. परंतु २०१५-१६ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०११ च्या जनगणनेतील जिल्हे धरून झाली. तीत पालघर ठाण्यातच आहे. २०१९-२१ च्या पाहणीत तो वेगळा आहे. दोन्हींतील ‘ठाणे’ शेजारी शेजारी ठेवून बालकांच्या कुपोषणाची तुलना करणारा विद्यार्थी वस्तुतः दोन भिन्न प्रदेश ताडून पाहत असतो. जव्हार-मोखाड्यासारखे आदिवासी तालुके हिशेबातून गळल्याने जी सुधारणा दिसेल, ती तो खुशाल शासकीय योजनांच्या पदरात टाकील! संगणक त्याला अडवीत नाही. मुकाट्याने सुबक, रंगीत नकाशा काढून देतो.

मार्गदर्शकांनी हे सांगावे, असे म्हणता येईल. पण त्यांच्यापैकी अनेकांची सांख्यिकीशी भेट परीक्षेपुरतीच झालेली असते. मग तालुक्याच्या गावचा विद्यार्थी प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन शहरातील एखाद्या खासगी दुकानाची पायरी चढतो. तेथून कोष्टके तयार होऊन येतात. अमुक कसोटी का लावली, असे मौखिक परीक्षेत विचारले की उमेदवार आणि मार्गदर्शक एकमेकांकडे पाहतात. याला अप्रामाणिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी गोखले संस्था उभी होती. या मुलाच्या पाठीशी कोण आहे?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आकडेवारीचे आणि नकाशांचे सल्लागार नेमलेले असतात. आपल्याकडे निदान प्रत्येक विद्यापीठाने असे एक पद निर्माण करावे आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयांत त्याच्या नियमित फेऱ्या ठेवाव्यात. प्राध्यापकांच्याच जागा रिकाम्या असताना हे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण उद्घाटनाची पाटी लावून कुलूपबंद ठेवलेल्या संगणक कक्षांवर झालेला खर्च कोणी मोजला आहे काय? मात्र हे पद तासिका तत्त्वावर भरू नये. प्रबंधाला तीन-चार वर्षे लागतात, आणि तासिकेवरचा माणूस पुढल्या जूनमध्ये दिसेलच असे नाही.