गावठी औषधालाही केसपेपर हवा

धरमतर खाडीच्या दोन्ही काठांवर असं एक घर दाखवा, जिथं आजारी माणूस एकाच पॅथीवर थांबतो. ताप आला की आधी मेडिकलमधून गोळी, दोन दिवसांत उतरला नाही तर वडखळचा किंवा पेणचा डॉक्टर, सोबत घरचा काढा, आणि डोळे पिवळे दिसले की कुणाच्या तरी ओळखीनं नागोठण्याच्या पलीकडचा कावीळ उतरवणारा. गुडघे धरले तर तेल, मग इंजेक्शन, मग पुन्हा पुडी. हे सगळं एकाच शरीरात, कधी एकाच आठवड्यात चालतं. कागदावर मात्र यातलं एकच येतं: सरकारी दवाखान्यातली गोळी.

माझं म्हणणं सरळ आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी, निसर्गोपचार आणि गावठी झाडपाला या सगळ्यांना रुग्णाच्या संगणकीय नोंदीत जागा मिळाली पाहिजे, आणि ती आधुनिक औषधांच्या शेजारी, त्याच पानावर मिळाली पाहिजे. हे उपचार थोर आहेत की भोंगळ, हा वाद नंतरचा. रुग्ण ते घेतो, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

पेण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. रक्तदाब तपासायला आलेल्या आजींना सिस्टरनं विचारलं, "आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?" आजी म्हणाल्या, "कायपन नाय." रक्तदाब चढलेला होता. तेवढ्यात सुनेनं पिशवी टेबलावर पालथी केली. वर्तमानपत्राच्या कागदातल्या करड्या चूर्णाच्या पुड्या, नाव-तारीख नसलेल्या डबीत काळपट गोळ्या, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. सिस्टरनं पुड्यांकडे बोट केलं तेव्हा आजी म्हणाल्या, "ते तर गावठी हाय!" समोर बसलेला समुदाय आरोग्य अधिकारी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर होता. त्यानं चूर्ण चिमटीत घेऊन वास घेतला, जिभेला लावलं आणि ज्येष्ठमध ओळखलं. खोकल्यासाठी रोज चालू होतं. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब वाढतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं आजींना ते बंद करायला सांगितलं. पण समोरच्या टॅबवर हे लिहायला रकाना नव्हता. पुढच्या महिन्यात आजी पेणच्या रुग्णालयात गेल्या असत्या, तर तिथल्या डॉक्टरला वाढलेला रक्तदाब दिसला असता आणि त्यानं गोळीचा डोस वाढवला असता.

महाराष्ट्रानं उपकेंद्रांवर हे अधिकारी नेमताना बीएएमएस पदवीधर मोठ्या संख्येनं घेतले, त्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण दिलं. म्हणजे चूर्ण वासावरून ओळखणारा माणूस सरकारनं गावात नेऊन बसवला, आणि त्याला दिलेलं यंत्र मात्र चूर्ण ओळखत नाही.

पहिला आक्षेप आधुनिक वैद्यकातल्या डॉक्टरांचा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, आणि ११ डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशननं देशभर काम बंद ठेवलं. तेव्हापासून 'मिक्सोपॅथी' (पॅथींची सरमिसळ) हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्या शस्त्रक्रियांबद्दलची त्यांची चिंता मला समजते. पण तीच ढाल करून ते नोंदीलाही विरोध करतात आणि म्हणतात, सिद्ध न झालेल्या औषधाला सरकारी नोंदीत जागा दिली की त्याला प्रतिष्ठा मिळते. हे तर्काला धरून नाही. आशाताई घरोघर जाऊन मधुमेह-रक्तदाबाचा जो फॉर्म भरते, त्यात तंबाखू आणि दारूचा प्रश्न असतो. त्यामुळे सरकारनं तंबाखूला मान्यता दिली असं कुणी म्हणत नाही. शरीरात काय गेलं ते लिहिणं हे डॉक्टरचं पहिलं काम आहे. आवडीचं तेवढंच लिहायचं ठरवलं, तर तो केसपेपर अर्धाच राहतो, आणि अर्ध्या केसपेपरवरून केलेलं निदान रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

गुळवेलीचं उदाहरण घ्या. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेलीच नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दिसायला सारखी वेल असते, ती गुळवेल समजून खाल्ली गेली असेल. पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद मांडली. मंत्रालय आपल्या जागी ठाम, डॉक्टर आपल्या जागी. यात खरं कोण? रुग्णानं काढा सुरू केला त्या दिवशी वेलीचा एक फोटो, ती कुठून आणली, किती दिवस घेतली आणि आधीपासून कोणता आजार होता एवढं चार ओळींत कुठं नोंदलेलं असतं, तर हा वाद बराचसा मिटला असता. नोंद नव्हती, म्हणून वेलीवर श्रद्धा असणारे आणि वेलीवर राग असणारे आपापल्या घरी शाबूत राहिले.

नोंद ठेवली की काय होतं, हेही याच राज्यात दिसलं आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर सुंठ, गुळवेल वगैरेंची आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या औषधांशी ताडून पाहिली. ४४० रुग्णांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुर्वेदिक औषध त्यांच्या तोडीस तोड ठरलं. त्याच अभ्यासात आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताचं एक विकर वाढल्याचंही दिसलं, आणि औषध थांबवल्यावर ते उतरलं. गुण आणि दोष दोन्ही एकाच वहीत आले. खाडीकाठच्या खारेपाटात आयुष्यभर चिखलात वाकून भात लावलेल्या बाईच्या गुडघ्यांना अशी वही हवी आहे.

दुसरा आक्षेप वैद्यांकडून येतो, आणि त्यात मला अधिक जीव वाटतो. ते म्हणतात, आमची चिकित्सा माणसागणिक बदलते. प्रकृती, अग्नी, ऋतू, पथ्य हे रकान्यांत कोंबता येत नाही. संगणकाला डायबेटिस समजेल, पण डायबेटिसच्याच दोघा रुग्णांना मी वेगवेगळी औषधं का दिली ते त्याला कसं कळणार? प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर नोंद टाळण्यात नाही. उपचार माणसागणिक बदलत असेल, तर नोंद अधिक बारीक हवी. आणि रकाने नाहीत ही तक्रारही आता पुरती खरी राहिलेली नाही. आयुष मंत्रालयाचं नमस्ते पोर्टल २०१७ पासून आहे. त्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या व्याधींना संकेतांक दिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या तिन्ही पद्धतींचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये आला. एका रुग्णाला एकाच वेळी आधुनिक निदान आणि वैद्याचं निदान अशी दोन्ही लावता येतील, अशी सोय जगानं केली. वापर मात्र तुटपुंजा आहे, कारण जो वैद्य दहा वर्षं एकाच गावात बसतो त्याच्या वहीत रुग्णाचं नाव आणि मिळालेले पैसे असतात. बाकी सगळं त्याच्या डोक्यात. तो गेला की तेही जातं.

वैद्यांनी सर्पगंधेचा इतिहास आठवावा. ही वनस्पती या देशात पूर्वापार वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. त्यानंतर जगानं सर्पगंधा हातात घेतली, तिच्यातून रेसरपिन निघालं, वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे नोंदी वाढल्या तसं काही रुग्णांना त्यानं उदासी येते हेही बाहेर आलं. सर्पगंधेला जगात नेणाराही कागद होता आणि तिला मर्यादा घालणाराही कागदच.

"हे मुंबई-पुण्याचं झालं, आमच्यासारख्या आडगावी काय होणार?" असं म्हणणाऱ्यांनी महाड पाहावं. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचवाच्या दंशानं तडफडणारी माणसं पाहत होते. ते खाटेशेजारी बसून घाम, उलटी, नाडी, रक्तदाब, छातीत पाणी कधी भरलं हे लिहीत राहिले. त्यांचं निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध लाल विंचवाच्या दंशावर जीव वाचवू लागलं. याच रायगडच्या मातीत, मांत्रिकाकडून उशिरा आलेल्या रुग्णांवर हे घडलं. तेव्हा संगणक नव्हता. आज टॅब आहे, तर रकाना नाही.

तिसरा पक्ष सगळ्यांत उत्साही, आणि मला त्याचीच अधिक भीती वाटते. वीस प्रश्न विचारून मोबाइलवर प्रकृती सांगणारी ॲप, मनगटाला यंत्र लावून नाडीपरीक्षेचा आलेख छापून देणारी दुकानं, लगोलग त्याच पडद्यावर चूर्ण विकणारी खिडकी. याला आरोग्य तंत्रज्ञान म्हणणं चूक आहे. रुग्ण बरा झाला की नाही हे ते कधी विचारत नाहीत. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्येच प्रसिद्ध झालं. ते शोधणाऱ्यांनी बाटल्या तपासल्या, आकडे मांडले. विकणाऱ्यांच्या ॲपनं असं एकही पान कधी छापलेलं नाही. तंत्रज्ञान पूरक उपचाराला आधार देईल ते पाठपुरावा करून, आणि नुकसान झालं तर तेही सांगून. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा २०१८ पासून आहे. खाडीकाठच्या माणसाला ती कशी कळणार? उपकेंद्रातल्या टॅबवरूनच.

कातकरी वाड्यांकडून येणारा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. झाडपाल्याचं ज्ञान संगणकात गेलं की ते कंपनीच्या हाती जाईल, वाडीला काय मिळेल? अनुभव या भीतीला दुजोरा देतो. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं लढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. ती लढाई जिंकली कारण लिखित पुरावा होता, आणि २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय त्यातूनच उभं राहिलं. पण त्यात ग्रंथांतलं ज्ञान आहे. वाडीवरच्या म्हातारीचं ज्ञान कुठल्याच ग्रंथात नाही. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनं जैवविविधता कायद्यात आयुष व्यावसायिकांना आणि ग्रंथबद्ध ज्ञानाला लाभवाटपातून सूट मिळाली. म्हणून माझी अट कडक आहे: रुग्णाच्या नोंदीत त्यानं काय घेतलं ते यावं, वैदूची कृती येऊ नये. कृती नोंदवायचीच असेल तर ती गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, ग्रामसभेच्या परवानगीनं. या दोन नोंदी एकमेकींत मिसळू नयेत. रुग्णाची नोंदही त्याच्या संमतीशिवाय कुणापुढे उघडू नये; डिजिटल आरोग्य खात्याच्या आभा क्रमांकाची सगळी योजना याच वचनावर उभी आहे, ते वचन पाळलं जातंय का हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

नोंद नसल्याची किंमत कळायला आता कावीळ घ्या. या भागात ती 'उतरवली' जाते, आणि उतरवणाऱ्याची कीर्तीही मोठी असते. विषाणूची बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पाला देणाऱ्याच्या खात्यावर तो गुण जमा होतो. भातखाचरात अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झाला तर त्याचेही डोळे पिवळे होतात. त्याला पहिल्या काही दिवसांत प्रतिजैविक हवं असतं. तो चार दिवस पाला घेत राहिला आणि लघवी बंद झाल्यावर अलिबागच्या सिव्हिलला पोचला, तर त्याचा मृत्यू कुणाच्याच खात्यावर लागत नाही. मृत्यूच्या कागदावर लेप्टो असतो, पाला नसतो. पाला देणाऱ्यालाही मी खलनायक म्हणणार नाही. आपल्याकडून गेलेला कोण वाचला, कोण गेला, हे त्याला कधी कळतच नाही.

समग्र उपचाराचं पेण तालुक्याला वावडं नाही. गागोद्याच्या विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनी गांधीजींच्या प्रेरणेनं १९४६ मध्ये सुरू झालेल्या उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात आयुष्याचा मोठा काळ घालवला. त्या परंपरेचा मान राखायचा तर तिला पारखायची सोय केली पाहिजे.

करायचं काम मोठं नाही. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या उपकेंद्रांतल्या टॅबवर एक पान वाढवा. नेटवर्क गेलं तरी भरता येईल आणि रेंज आल्यावर आपोआप जाईल असं. त्यात पाच गोष्टी: काय घेतलं, त्याचा फोटो, कुठून आणलं, कधीपासून, आणि पंधरा दिवसांनी काय झालं. शेवटची गोष्ट आशाताई फोन करून भरेल, आणि तिला त्याचा वेगळा मोबदला द्यावा लागेल. उपकेंद्रातला बीएएमएस अधिकारी संकेतांक लावेल, पेणच्या रुग्णालयातला डॉक्टर तेच पान उघडेल. सुरुवात पावसाळ्यात करावी, आणि फक्त डोळे पिवळे झालेल्या रुग्णांपासून. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग हे मुंबईच्या हुकमाची वाट न पाहता करू शकतो. पुढच्या लावणीच्या आत त्यानं ते करावं.