नियोजनाच्या कागदावर आपलं नाव कुठे असतं?

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मी दोन व्याख्या तोंडपाठ केल्या होत्या. मागणी आणि पुरवठा यांच्या मेळातून किंमत ठरते, ही पहिली. काय, कधी, कसं आणि कोणी करायचं हे आधी ठरवणं म्हणजे नियोजन, ही दुसरी. परीक्षेत गुण मिळाले. पण घरी आई निंदणीला जायची आणि तिची मजुरी या व्याख्यांत बसत नव्हती. हंगामात बायांसाठी मालक दारोदार फिरायचे, म्हणजे मागणी भरपूर. तरी दर मात्र तेच चारजण पारावर बसून ठरवायचे. मला वाटायचं, चूक माझ्याच समजण्यात आहे. घरात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचलेल्या आपल्यापैकी अनेकांना वर्गात असंच वाटतं.

चूक कुठे होती, ते मला तंजावरच्या इतिहासाने दाखवलं.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला भोसल्यांचं राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. पण तंजावर म्हणजे आधी कावेरीचा त्रिभुज प्रदेश, भाताचं कोठार. जमीन मोठ्या मिरासदारांची, मठांची, देवळांची. चिखलात वाकून रोपं लावणारे हात बहुतांशी दलित बाया-पुरुषांचे.

१९६० साली देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत सघन कृषी जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तंजावर त्यातला एक. बियाणं, खत, कर्ज आणि सल्ला एकत्र द्यायचा आणि शेतकऱ्याला शेताचा लेखी आराखडा करून द्यायचा, अशी ती योजना होती. पाठ्यपुस्तकातलं नियोजनच ते: उद्दिष्ट, साधनं, वेळापत्रक, खर्चाचा अंदाज. पुढे आडुतुरै संशोधन केंद्राचं एडीटी-२७ हे कमी दिवसांत येणारं भात आलं आणि वर्षात दोन पिकं घेणं सोपं झालं.

पण आराखडा शेत कसणाऱ्या खातेदाराचा होता. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचा आराखडा कोण करणार? त्या कागदावर मजूर खर्चाच्या रकान्यात होता, खताच्या पोत्याशेजारी. व्यवस्थापनाच्या पुस्तकात नियोजनाची एक पायरी असते, गृहीतके मांडणे. इथलं न लिहिलेलं गृहीतक असं की मजूर पूर्वीसारखाच मिळेल, पूर्वीच्याच दरात आणि मान खाली घालून.

ते गृहीतक मजुरांनी मोडलं. दुसऱ्या पिकामुळे कामाची गरज वाढली, तसे दलित मजूर लाल झेंड्याखाली संघटित होऊन भाताची वाढीव मजुरी मागू लागले. पुस्तकाप्रमाणे दर वाढायला हवा होता. जमीनदारांनी भात उत्पादकांची संघटना काढली, बाहेरून स्वस्त मजूर आणले आणि झेंडा उतरवा म्हणून धमकावलं. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी या गावात (तेव्हा पूर्व तंजावर, आज नागपट्टिणम जिल्हा) एका झोपडीत आसऱ्याला शिरलेल्या ४४ दलितांना जाळून मारण्यात आलं. बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी माणसं. उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. त्याच तारखेला, ४१ वर्षांपूर्वी, महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली होती.

या घटनेतून मला बाजाराचा एक नियम कळला, जो माझ्या पुस्तकात नव्हता: ज्याला थांबता येतं, तो किंमत ठरवतो. कोठारातलं भात महिनाभर थांबू शकतं. हातावर पोट असलेल्याला दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबता येत नाही. त्यात झोपडीही मालकाच्याच जागेवर असेल, तर 'नाही' म्हणण्याची किंमत बेघर होणं असते. असा माणूस बाजारातला स्वतंत्र विक्रेता कसा? म्हणूनच १९६९ चा तमिळनाडूचा शेतमजूर न्याय्य वेतन कायदा आणि १९७१ चा राहत्या जागेची मालकी देणारा कुडियिरुप्पु कायदा यांना मी अर्थशास्त्राचे धडे समजते. पायाखाली जागा आली की सौदा करता येतो.

जमीन हेही कळीचं साधन. म्हणून १९८१ मध्ये कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन यांनी 'लाफ्टी' ही संस्था सुरू केली. जमीनदारांशी वाटाघाटी करून, कर्ज उभं करून जमीन विकत घ्यायची आणि भूमिहीन दलित कुटुंबातल्या बाईच्या नावावर करायची. हेही नियोजनच. फक्त इथे मजूर बाई खर्चाच्या रकान्यातून मालकाच्या रकान्यात आली.

कोणी म्हणेल, ती खेड्यातली जुनी गोष्ट. शहराच्या बाजाराला जात कळत नाही. बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आले आणि मुंबईत त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटलं. सल्ल्याची गुणवत्ता तीच होती, मागणीही होती. मध्ये जात उभी राहिली.

म्हणून बाजार सोडून द्यावा, असं मी म्हणत नाही. आईच्या पिढीला बाजार टाळता आला नाही, आपल्यालाही येणार नाही. त्याचं शास्त्र आपण शिकलंच पाहिजे. बाबासाहेबही पुढे सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्र शिकवू लागले. पण धंदा काढताना, पगाराची बोलणी करताना किंवा अधिकारी म्हणून एखादी योजना आखताना तीन गोष्टी तपासा. या सौद्यात मी किती दिवस थांबू शकते? माझ्यासोबत कोण थांबणार आहे? आणि आराखड्यात ज्यांना फक्त खर्च म्हणून मोजलंय, त्यांना कोणी विचारलंय का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बचतीत आहे, दुसऱ्याचं संघटनेत. तिसऱ्याचं उत्तर आपल्या हातात पेन येईल तेव्हा आपल्यालाच द्यायचं आहे. त्या दिवशी समोरच्या कागदावर माझ्या आईसारखी कोणी असेल, तर तिचा रकाना बदलायला विसरू नका.

जय भीम!