घर घेण्याआधी भेगा पाहा

मैत्रिणींनो, वागळे इस्टेटमध्ये किंवा किसननगरात जुना ब्लॉक घ्यायचं मनात असेल, तर ओटा नि खिडकीतला वारा नंतर पाहा. आधी तळमजल्यावर जा.

केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्याच्याच असतात. त्यांना घाबरू नका. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंदावत गेलेली भेग मात्र वेगळी. पाया एका बाजूने खचला की अशी भेग पडते, चौकट वाकते, दार फरशीला घासतं. घरमालक बरे असतील तर भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि पावसाळा उलटल्यावर पुन्हा पाहा. खांबावर उभी भेग नि तांबूस ओघळ दिसला, तर आतली सळई गंजतेय. आणि विकायच्या तोंडावरच नवा रंग काढलेला असेल, तर मला तरी शंका येते बाई!

ठाणे महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते; त्यातली ‘सी-१’ म्हणजे रिकामीच करायची. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचना तपासणी कायद्याने लागते, तो अहवाल सोसायटीकडे मागा.

नवी इमारत म्हणून निर्धास्त राहू नका. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये कोसळलेली बेकायदा इमारत अजून बांधून पुरी व्हायची होती. ७४ माणसं गेली. म्हणून बांधकाम परवाना पाहायचाच. अभियंता मात्र विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आपण शोधलेला हवा.